उसना कान

गिटार शिकायची तर क्लास लावावा की आपलं आपण शिकावं? दहावीची परीक्षा संपली की दरवर्षी एखादे तरी आई-बाबा मला हे विचारतात. मी वादक वगैरे नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर वाजवणारा हौशी माणूस आहे. पण पहिली चार वर्षं एकट्यानं आणि नंतरची सहा वर्षं एका सरांकडे, अशा दोन्ही वाटांनी मी थोडं थोडं चाललोय, हे ओळखीच्यांना ठाऊक असतं.

विचारणाऱ्यांच्या मनात हिशोब असतो. फी किती, क्लास किती लांब, पोराचा उत्साह दिवाळीपर्यंत तरी टिकेल का. हा हिशोब गैर नाही आणि त्याचं उत्तरही अवघड नाही. फोनवर आज सगळं फुकट मिळतं, क्लासमध्ये शिस्त लागते, खिसा आणि स्वभाव बघून ठरवा. एवढं सांगून मी मोकळा होऊ शकतो. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो मला सुटू देत नाही. ‘मी स्वतः शिकलो’ असं माणूस अभिमानानं म्हणतो, तेव्हा त्यानं कुणाच्याही मदतीशिवाय नेमकं काय केलेलं असतं? आणि ‘मी अमक्यांकडे शिकलो’ असं जो म्हणतो, त्याला तिथे नेमकं काय मिळालेलं असतं?

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. वेस माँटगोमेरी हा अमेरिकेतला फार मोठा जॅझ गिटारवादक. विशीच्या आसपास त्यानं चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकल्या आणि त्या ऐकून ऐकून त्याचे सोलो जसेच्या तसे बसवले. पहिलं काम मिळालं तेही ते सोलो वाजवून. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, गुरू नव्हता, क्लास नव्हता. पिक न वापरता तो उजव्या हाताच्या अंगठ्यानं वाजवत असे. कुठल्याही वहीत सापडणार नाही अशी ही रीत, आणि त्याचा तो मऊ, भरदार आवाज त्या अंगठ्यातूनच आला. जगानं त्याला ‘सेल्फ-टॉट’ म्हटलं. पण चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड नसत्या तर?

आपल्याकडचं उदाहरण याहून जवळचं आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी नावाचा मुलगा ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब गाऊ लागला. लोक थक्क झाले, बिरुद मिळालं, जलसे झाले. हाच कुमार गंधर्व. त्या मुलाला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही, आणि त्या तबकड्यांवरच्या प्रत्येकानं. माझ्या पिढीतली कॉलेजच्या कट्ट्यावरची पोरंही अशीच. जी, ई मायनर, सी आणि डी या चार कॉर्डवर त्यांची सगळी सहल निघायची. ती स्वयंभू वाटायची. पण पहिली कॉर्ड कुणीतरी सीनियरनं बोटं धरून दाखवलेली असायची.

तेव्हा ज्ञान कुठून आलं या कसोटीवर दोन्ही वाटांत फारसा फरक उरत नाही. दोघंही दुसऱ्याकडूनच घेतात. आज तर फोनच्या पडद्यावरचा अनोळखी माणूस एखाद्या शिक्षकापेक्षाही तपशिलात शिकवतो, हाताचा क्लोजअप दाखवतो, वेग निम्म्यावर आणला तरी कुरकुर करत नाही. शंभर वेळा विचारा, शंभर वेळा तितक्याच उत्साहानं सांगेल. त्याला एकच गोष्ट जमत नाही. तो तुमचं वाजवणं ऐकत नाही.

मला वाटतं, या दोन वाटांमधला खरा फरक इथे आहे.

गिटार हे वाद्य या बाबतीत फसवं आहे. हार्मोनियमवर एक स्वर एकाच पट्टीत सापडतो. गिटारवर सगळ्यात बारीक तार मोकळी छेडल्यावर जो ‘ई’ वाजतो, तोच दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यात, तिसऱ्या तारेवर नवव्या, चौथ्या तारेवर चौदाव्या आणि पाचव्या तारेवर एकोणिसाव्या पडद्यात असतो. स्वर तोच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा पोत वेगळा. त्यामुळे काहीतरी वाजतंय, बरोबर स्वर वाजतोय, एवढ्यावर समाधान मानायला हे वाद्य भरपूर वाव देतं. त्यातून एकट्यानं वाजवताना कान आणि हात एकाच घरात वाढतात. हात अडखळला की कान त्याला सांभाळून घेतो. एफची कॉर्ड घ्या. पहिल्या बोटानं सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या असतात, आणि शिकाऊंपैकी कितीतरी जण गिटार इथेच भिंतीला टेकवून ठेवतात. जे टिकतात तेही त्या कॉर्डपाशी पोचताना किंचित थांबतात. बोटं जमवायला लागणारा तो क्षण. महिनोन् महिने तसंच वाजवल्यावर तो थांबा गाण्याचाच भाग होऊन जातो आणि वाजवणाऱ्याला ऐकू येईनासा होतो.

माझ्या आधीच्या वेळेला सरांकडे एक तरुण इंजिनियर येत असे. सहा वर्षं घरी फोनवरून शिकून आलेला, बोटं माझ्यापेक्षा कितीतरी चपळ. सर मूळचे मडगावचे, लहानपणी चर्चच्या शाळेत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले, पुढे मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये गिटार वाजवून निवृत्त झालेले. त्यांनी त्याचं पूर्ण गाणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आता तुम्ही वाजवा, मी नुसता चालतो.” ते खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका लयीत चालू लागले. दुसऱ्या ओळीच्या शेवटी गिटार मागे राहिली आणि सरांचं पाऊल पुढे पडलं. पुन्हा. तिसऱ्या वेळी तो स्वतःच थांबला. सर काहीच बोलले नव्हते. सहा वर्षं तिथे असलेली ती फट त्याला पहिल्यांदा ऐकू आली होती.

हे काम मेट्रोनोमनं झालं नसतं का? फोनवर रेकॉर्ड करून झालं नसतं का? झालं असतं, काही प्रमाणात. मीही रेकॉर्ड करतो. पण रेकॉर्डिंग आपण आपल्याच कानानं ऐकतो. ज्या गोष्टीला आपण अजून दोष मानायला शिकलेलो नाही, ती रेकॉर्डिंगमध्येही दिसत नाही. शिक्षक आपल्याला काही काळापुरता त्याचा कान उसना देतो. माहिती आता सगळीकडे आहे. फी असते ती या उसन्या कानाची.

हा कान उसना घ्यायचा तर एक किंमत मोजावी लागते, आणि इथे प्रश्न नैतिक होतो. दुसऱ्यानं ऐकावं म्हणून दुसऱ्यासमोर वाईट वाजवावं लागतं. बंद खोलीत चार वर्षं वाजवताना मला कुणाची भीती नव्हती. कधी थांबायचं, कशाला ‘जमलं’ म्हणायचं, पुढचं गाणं कधी घ्यायचं, सगळं माझ्या हातात होतं. सरांसमोर पहिल्यांदा बसलो तेव्हा हा अधिकार खुर्चीत बसता बसता माझ्याकडून गेला. पंचेचाळिशीतल्या, कार्यालयात चार माणसांवर सह्या करणाऱ्या माणसाला हे सोपं नसतं. माझ्या शेजारी नऊ वर्षांची मुलगी बसायची आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. मुलीला लाज कशी ती ठाऊकच नव्हती. काका आणि मी मात्र सर पाणी प्यायला आत गेले की घाईघाईनं कठीण जागा वाजवून घ्यायचो.

याला लोक नम्रता म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. नम्र माणूसही मनातून स्वतःच न्यायाधीश राहू शकतो. इथे सोडावं लागतं ते न्यायाधीशाचं आसन. ‘मी बरा आहे की नाही हे आज मी ठरवणार नाही’ असं स्वतःला सांगणं ही गिटारपलीकडेही उपयोगी पडणारी गोष्ट आहे, आणि एकट्यानं शिकताना तिचा सराव होत नाही.

इथवर वाचून मी क्लासच्या बाजूचा वकील वाटत असेन. पण दुसरी बाजू तितकीच भारी आहे, आणि आपल्या समाजात तर जास्तच. ज्याच्यासमोर आसन सोडायचं तो माणूस कोण आहे?

आपल्याकडे संगीतात ‘निगुरा’ ही शिवी आहे. ज्याला गुरू नाही तो निगुरा. शिवी देणारे हे विचारत नाहीत की त्याला गुरू मिळाला नाही की मिळू दिला नाही. एकलव्य द्रोणांकडे गेला होता. निषादाचा मुलगा म्हणून त्याला दारातून परत पाठवलं. मग त्यानं मातीचा द्रोण केला आणि सराव केला. आपण त्याला स्वयंशिक्षणाचा आदर्श म्हणून मुलांना सांगतो, पण त्यानं ती वाट निवडली नव्हती, त्याच्यापुढे तेवढीच उरली होती. आणि ज्यानं एक दिवसही त्याचा बाण ऐकला-पाहिला नाही, त्यानं येऊन फी मात्र वसूल केली, उजव्या हाताचा अंगठा. शिकवणं शून्य आणि दक्षिणा पूर्ण, असा हा व्यवहार. दलित साहित्यानं त्या अंगठ्याचा जाब पुन्हा पुन्हा विचारला तो उगीच नाही. अंगठ्यानं वाजवणाऱ्या वेस माँटगोमेरीचं वाचताना मला नेहमी तो दुसरा अंगठा आठवतो.

दार उघडलं तरी आत काय मिळेल याची खात्री नसते. आंद्रेस सेगोव्हिया हा विसाव्या शतकात क्लासिकल गिटारला मैफलीच्या मंचावर मानानं बसवणारा वादक. तो स्वतः बव्हंशी स्वयंशिक्षित. पुढे इटलीतल्या सिएनाच्या वर्गांत त्यानं जगभरच्या मुलांना शिकवलं. त्यांतलाच एक जॉन विल्यम्स, पुढे स्वतः मोठा झाला. या विल्यम्सनंच नंतर जाहीरपणे सांगितलं की सेगोव्हिया आपली शैली विद्यार्थ्यांवर लादत असे. स्वतः कुणाचं न ऐकता मोठा झालेला माणूस इतरांना मात्र आपलीच प्रत व्हायला सांगत होता. असा शिक्षक ऐकतो खरा, पण त्याला विद्यार्थ्याच्या वाजवण्यात फक्त स्वतःपासूनचं अंतर ऐकू येतं.

आणि काही हात असे असतात की त्यांच्यासाठी कुणाकडेच धडा तयार नसतो. जँगो राइनहार्ट अठरा वर्षांचा असताना, १९२८ साली, त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली. राहिलेल्या दोन बोटांनी त्यानं अख्खी नवी रीत बांधली आणि युरोपातला सर्वांत मोठा जॅझ गिटारवादक झाला. कुठल्याही शहाण्या शिक्षकानं त्याला प्रेमानंच सांगितलं असतं, बाबा रे, दुसरं काहीतरी कर. अशा ठिकाणी आपलं आपण शिकणं म्हणजे स्वाभिमान, हट्ट नाही. ज्याच्या डोळ्यांत तुच्छता आहे किंवा आधीच निकाल लागलेला आहे, त्याच्यापुढे वाईट वाजवण्यात कसलीही साधना नाही. खोलीचं दार लावून घ्यावं, हेच बरं. गावाकडच्या, फी न परवडणाऱ्या, ‘तुझं हे काम नाही’ असं ऐकलेल्या कितीतरी मुलांना फोननं पहिल्यांदा दार उघडून दिलं. त्या फोनला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

माझा भाचा याच पिढीतला. त्याच्या वाजवण्यात एके ठिकाणी तार झणझणते. मी एकदा तसं म्हटलं तर तो म्हणाला, “मामा, ती माझी स्टाइल आहे.” मी हसलो, पण घरी आल्यावर विचार करत बसलो. जँगोची दोन बोटं ही शैली, मग भाच्याची झणझण शैली का नाही? बरोबर रीत एकच असते असं म्हणावं तर जँगो आणि माँटगोमेरी दोघांनाही बाहेर काढावं लागेल. शैली म्हणजे मुद्दाम केलेली निवड असं म्हणावं तर जँगोला निवड होती कुठे? शेवटी मला सापडलेलं उत्तर असं: ऐकू येतंय आणि तरीही, किंवा म्हणूनच, तसं ठेवलंय तर ती शैली. ऐकूच येत नसेल तर ती सवय. आपल्या दोन बोटांतून काय निघतंय ते जँगोला पुरतं ऐकू येत होतं. भाच्याला ती झणझण ऐकू येते का, हे त्याचं त्यालाच माहीत. मी फक्त विचारू शकतो.

या सगळ्यात मला सर्वांत शिकवून जाणारी वाटते ती ब्रिजभूषण काबरा यांची गोष्ट. जोधपूरला १९३७ साली जन्मलेले काबरा गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवू लागले तेव्हा त्या वाद्यावर त्या संगीताची शिकवणी देणारी परंपरा नव्हती. पडद्यांनी बांधलेल्या गिटारवर आपली लांब मींड निघत नाही, म्हणून ती मांडीवर आडवी घ्यायची आणि तारांवरून धातूचा दांडा सरकवायचा, ही हवाई बेटांची रीत. काबरा शिष्य झाले अली अकबर खाँसाहेबांचे, आणि खाँसाहेब वाजवत सरोद. म्हणजे हात कसा ठेवायचा, दांडा कुठे थांबवायचा, हे काबरांनी मुख्यतः आपलं आपणच शोधलं असणार. पण मींड रागात बसली की नाही हे सांगणारा कान गुरूचा होता. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि घराघरात पोचली. त्या तिघांतली गिटार ऐकताना क्लास की स्वतः, हा प्रश्नच विरघळतो. हात स्वतःचा, कान उसना.

कुमारांचंही असंच झालं. तबकड्यांवरून सगळं उचललेल्या त्या मुलाला वडिलांनी मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे नेलं. देवधर अनेक घराण्यांचं गाणं मोकळ्या मनानं ऐकणारे. नकला तर त्या मुलाकडे भरपूर होत्या. त्यांतून त्याचा स्वतःचा आवाज कुठला हे ऐकणारं माणूस त्याला तिथे मिळालं, असं मला वाटतं.

उरतो ऋणाचा प्रश्न. उसनं घेतलं तर फेडायचं कसं? अंगठा हे फेडण्याचं सर्वांत वाईट रूप. त्याच्या उलट टोकाचं एक उदाहरण आपण सगळे गुणगुणत आलोय. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधला अँथनी त्याच्या गाण्यात स्वतःचं आडनाव गोन्साल्विस सांगतो. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक आणि संयोजक, आणि संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. वाद्यवृंदात बसणाऱ्या या माणसांची नावं तेव्हा पडद्यावर क्वचितच येत. शिष्यानं गुरूचं नाव सगळ्या देशाच्या तोंडी दिलं. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घेणं ही दक्षिणा कुणालाही परवडते. फोनवरच्या अनोळखी शिक्षकालाही ती देता येते. ‘मी स्वतः शिकलो’ याऐवजी ‘मी अमक्याचं बघून, तमक्याचं ऐकून शिकलो’ एवढं म्हटलं तरी वाक्य खरं होतं, आणि त्यातला आपला कष्टाचा वाटा तसूभरही कमी होत नाही.

फेडीचा दुसरा हप्ता म्हणजे आपला कान पुढे कुणाला तरी उसना देणं. त्याला शिक्षक असावं लागत नाही. कुणी वाईट वाजवत असताना फोन बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकणं, हसू न येऊ देणं, लगेच उपाय न सांगणं, आणि विचारलं तर खरं सांगणं. यांतलं शेवटचं सोपं आणि पहिली तीन अवघड, असा माझा अनुभव आहे. चांगल्या शिक्षकाची फी तिथेच वसूल होते आणि वाईट शिक्षक तिथेच उघडा पडतो.

म्हणून आई-बाबांनी विचारलं की मी हल्ली क्लास लावा किंवा लावू नका असं सांगत नाही. पोराला सहा महिने एकट्याला झगडू दे, बोटांची सालं निघू देत, आवडतं गाणं वाकडंतिकडं वाजवू दे, असं म्हणतो. मग त्याच्यासाठी ऐकणारं माणूस शोधा. ते क्लासमध्ये सापडेल, शेजारी सापडेल, कदाचित घरातच सापडेल. क्लास बघायला जाल तेव्हा भिंतीवरची प्रशस्तिपत्रं बघू नका. एखादं मूल चुकत असताना शिकवणाऱ्याचा चेहरा बघा. त्या चेहऱ्याकडे बघून मूल पुन्हा वाजवायला लागलं, तर फी भरून टाका.